साडेसातच्या कार्डाचा भाव कसा काढायचा?

खेळांची जुनी कार्डं, मग ती बेसबॉलची असोत, आइस हॉकीची असोत की क्रिकेटची, तपासून त्यांना १ ते १० मध्ये ग्रेड देण्याचं काम पीएसए, एसजीसी, बेकेट या अमेरिकी कंपन्या करतात. ग्रेड मिळालेलं कार्ड सीलबंद प्लॅस्टिकच्या स्लॅबमधून येतं. गोव्यातल्या काही घरांत अशी कार्डं बोटीवरच्या नोकरीतून आली, काही घरांत टोरंटो-न्यूजर्सीच्या नातेवाइकांनी पाठवली. या वेळच्या पत्रांत पूर्ण ग्रेडच्या मध्ये अडकलेल्या, म्हणजे ६.५, ७.५, ८.५ अशा कार्डांचेच प्रश्न जास्त होते. उत्तरांतले डॉलरचे आकडे हिशेब कळावा म्हणून आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

प्रश्न : मामेभावाने अमेरिकेहून पाठवलेलं १९६०च्या दशकातलं टॉप्स कंपनीचं बेसबॉल कार्ड माझ्याकडे आहे, पीएसए ७.५. हेच कार्ड ७ मध्ये ४०० डॉलरला आणि ८ मध्ये १००० डॉलरला जातं. ७.५ चे सौदे फारसे सापडत नाहीत. मधला आकडा ७०० धरून विकायला काढू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ७०० ला काढलंत तर ते कपाटातच राहील. ग्रेड सारख्या पावलांनी वाढते, भाव मात्र पटीने वाढतो. ४०० चे १००० होतात म्हणजे अडीचपट. मग अर्ध्या वाटेवर अडीचचं वर्गमूळ धरायचं, १.५८. चारशेला १.५८ ने गुणलं की ६३२. मोबाइलवर करायचं तर त्याहून सोपं : दोन्ही भावांचा गुणाकार करा (४,००,०००) आणि त्याचं वर्गमूळ घ्या. आकडा तोच येतो.

हे ६३२ सुद्धा वरची मर्यादा समजा. ज्याला ८ हवंय तो साडेसातावर समाधान मानत नाही, तो आणखी पैसे जमवून ८ च घेतो. साडेसाताला खरा गिऱ्हाईक मिळतो तो ७ वाल्यांमधला, थोडा हात सैल सोडायला तयार असलेला. त्यामुळे सौदा बहुधा खालच्या ग्रेडकडे झुकलेला असतो. नेहमी उठाव असलेला खेळाडू असेल तर वर्गमूळाच्या आकड्यातून पाच टक्के कमी करा, मागणी मंद असेल तर पंधरा. तुमच्या कार्डाला आम्ही ५४० ते ६०० धरू. मागताना ६२५ मागा, घासाघीस होणारच.

दोन ग्रेडमधला फरक कमी असेल तर हा खटाटोप करायची गरज नाही. ३ चा भाव २०० आणि ४ चा २६० असेल तर साधी सरासरी २३० येते आणि वर्गमूळाची २२८. वरची पट १.३ च्या आत असेल तोवर सरळ मध्य घ्या. दुप्पट ओलांडली की सरासरी फसवते, आणि सर्वांत जास्त फसवते ती ८.५ ला. ८ चा भाव १००० आणि ९ चा ९००० असेल तर सरासरी ५००० म्हणेल, वर्गमूळ ३००० म्हणेल, आणि गिऱ्हाईक ३००० लासुद्धा दहा वेळा विचार करेल.

आता मुळातले ४०० आणि १००० हे आकडे तुम्ही कुठून घेतलेत ते तपासा, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. ईबेवर ‘विकलेले’ हा गाळणीचा पर्याय लावूनच बघा. विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर किमतीवर काट मारलेली दिसली तर सौदा त्याहून कमी ऑफरवर झालेला असतो. तो खरा आकडा ‘वन थर्टी पॉइंट’ या साइटवर दिसतो. लिलावघरांच्या जाहीर किमतीत खरेदीदाराने द्यायचं २० टक्क्यांच्या आसपासचं कमिशन बहुधा धरलेलं असतं, म्हणजे विकणाऱ्याच्या हातात त्यापेक्षा बरंच कमी पडतं. आणि सरासरी न घेता सौदे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या. ३६०, ३८५, ४००, ४१०, ६९० असे पाच सौदे असतील तर सरासरी ४४९ येते, मधला आकडा ४००. त्या ६९० वाल्याचा फोटो उघडून पाहा. बहुधा चित्र अगदी मधोमध बसलेलं कार्ड असेल.

७.५ चा एखादाच जुना सौदा सापडला तर तो टाकून देऊ नका, पण त्यातले डॉलर तसेच उचलू नका. समजा चौदा महिन्यांपूर्वी ७.५ गेलं ५४० ला आणि त्याच सुमाराला ७ जात होतं ४५० ला. म्हणजे पट १.२. आज ७ चा भाव ३८० असेल तर ३८० × १.२ = ४५६. बाजार चढो की पडो, दोन शेजारच्या ग्रेडमधली पट त्यामानाने टिकून राहते. वर्गमूळाचा आकडा आणि हा पटीचा आकडा यांत मोठी तफावत आली तर पटीवर जास्त विश्वास ठेवा. तो निदान एका खऱ्या गिऱ्हाइकाने खिशातून दिलेला आहे.

प्रश्न : जुन्या एसजीसी स्लॅबवर ‘८४’ असा आकडा आहे. विक्रेता म्हणतो हे ८.४, म्हणून ८ आणि ८.५ च्या मधला भाव द्या. बरोबर आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : अजिबात नाही. एसजीसी पूर्वी शंभराच्या मापात ग्रेड देत असे आणि त्या मापात ८४ म्हणजे आजचं ७. पुढे ८६ म्हणजे ७.५, ८८ म्हणजे ८, ९२ म्हणजे ८.५, ९६ म्हणजे ९. खालच्या बाजूला ८० म्हणजे ६, ६० म्हणजे ५, ५० म्हणजे ४, ४० म्हणजे ३. दशांश चिन्ह मनाने घालून वाचलं की माणूस गोत्यात येतो, आणि काही विक्रेत्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

त्यावर आणखी एक गोष्ट बघा. एकाच आकड्याला दोन कंपन्यांच्या स्लॅबमध्ये एकच भाव मिळेल असं नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कार्डांत एसजीसीला चांगला मान आहे, पण १९५०-६० च्या टॉप्सला पीएसएचा स्लॅब बहुधा जास्त ओढतो. म्हणून एसजीसी ७.५ चा भाव काढताना एसजीसीचेच ७ आणि ८ घ्या. एका कंपनीचं ७ आणि दुसऱ्या कंपनीचं ८ घेऊन मध्य काढणं म्हणजे हिशेब नव्हे, अंदाजपंचे.

प्रश्न : भाऊ टोरंटोत असतो. त्याला १९७९-८० चं ओ-पी-ची कंपनीचं आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचं पहिलं कार्ड घ्यायचंय. दोन आहेत, एक पीएसए ६ आणि एक पीएसए ६.५. फोटोत मला ६ वालं जास्त देखणं वाटतं. तरी ६.५ ला जास्त पैसे द्यायचे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी मोजा. स्लॅबचा समोरून, सरळ धरून काढलेला मोठा फोटो मागवा आणि डावी-उजवी किनार मोजा, मिलिमीटरमध्ये किंवा फोटोतल्या पिक्सेलमध्ये. मोठी किनार भागिले दोन्हींची बेरीज. डावी १.४ आणि उजवी ३.६ असेल तर ३.६ ÷ ५.० = ७२, म्हणजे सेंटरिंग (चित्र किती मधोमध बसलंय त्याचं माप) ७२/२८. दुसऱ्या कार्डाची २.२ आणि २.८ असेल तर ५६/४४. वर-खालीही असंच मोजा आणि दोन्हींत जे वाईट येईल ते धरा. फोटो तिरका असेल तर आकडे चुकतात. स्लॅबच्या बाहेरच्या कडा फोटोत समांतर आहेत का, ते आधी बघून घ्या.

पीएसए ६ ला पुढच्या बाजूचं सेंटरिंग ८०/२० पर्यंत चालतं, ७ ला ७०/३०, ८ ला ६५/३५. अर्धी ग्रेड मिळायला साधारणपणे त्या ग्रेडच्या किमान सेंटरिंगपेक्षा पाच ते दहा टक्के चांगलं लागतं. म्हणजे ७२/२८ वालं ६.५ नियमात बसतं, तरी ते नजरेला कललेलं दिसणार. आणि ५६/४४ चं कार्ड फक्त ६ वर थांबलंय, म्हणजे त्याला दुसरीकडे मार बसलेला आहे : कोपरे गोल झालेले असतील, कडेचा रंग उडाला असेल किंवा पाठीवर काही असेल. या कार्डाची किनार निळी आहे, त्यामुळे कडेला जरा रंग उडाला की पांढरे ठिपके लगेच डोळ्यांत भरतात. ते ठिपके सोसवत असतील तर ६ घ्या. त्याला ६.५ च्या भावाजवळ जाणारे पैसे देणारे लोक बाजारात आहेत, म्हणजे तुमचेही पैसे अडकून पडणार नाहीत.

ओ-पी-चीच्या कडा खरबरीत असल्या तर बिचकू नका. ती कार्डं तारेने कापत, त्याची ती खूण आहे. उलट कडा फारच गुळगुळीत असली तर शंका घ्या. या कार्डाच्या नकला ढिगाने आहेत, म्हणून स्लॅबचा प्रमाणपत्र क्रमांक पीएसएच्या साइटवर टाकून तिथली माहिती आणि फोटो हातातल्या कार्डाशी जुळवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

प्रश्न : माझ्या ७.५ ची लोकसंख्या, म्हणजे त्या ग्रेडची एकूण कार्डं, ७ च्या पाव भागही नाही. दुर्मीळ म्हणून जास्त मागता येईल ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर : मागता येईल, मिळणार नाही. पीएसएने अर्ध्या ग्रेड २००८ साली सुरू केल्या. कंपनी १९९१ पासूनची. आधीच्या सगळ्या वर्षांत जे कार्ड आज ७.५ ठरलं असतं ते ७ म्हणूनच बंद झालं, आणि त्यातली पुष्कळशी अजून त्याच स्लॅबमध्ये आहेत. म्हणजे ७ च्या गर्दीत किती साडेसात दडलेत ते कुणी मोजलेलं नाही. ७.५ ची कमी संख्या हा नियमाचा परिणाम आहे, कार्डाची टंचाई नव्हे. जाणकार खरेदीदार बघतो तो ‘८ आणि त्याहून वर’ असा एकत्र आकडा. तो लहान असेल तर साडेसाताला खरंच जोर येतो, कारण वरची वाट बंद असते. तेवढ्या एकाच बाबतीत आम्ही वर्गमूळाच्या आकड्याच्या वर जायला तयार होऊ.

प्रश्न : जुन्या लेबलचं पीएसए ७ आहे, फार सुबक. पुन्हा पाठवून ७.५ करून घ्यावं का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : ७ चे ४०० आणि ७.५ चे ५६० धरले तर फायदा १६०. ग्रेडिंगची फी, विम्यासह जाण्या-येण्याचं टपाल आणि किरकोळ धरून खर्च १२० आला, तर १२० ÷ १६० = ०.७५. म्हणजे चारातून तीनदा यश मिळालं तर कुठे बरोबरी. इतकी खात्री कुणालाच नसते. गोव्यातून पाठवायचं तर परतीच्या पार्सलला कस्टमची भानगड निराळी. कार्ड तुमचंच होतं हे दाखवणारी निर्यातीची कागदपत्रं जाताना केली नसतील तर येताना वाद होतो.

हिशेब जमतो तो ८ च्या वर, जिथे अर्ध्या ग्रेडला हजारो पडतात. तिथेही स्लॅब फोडून पाठवू नका. पीएसएच्या स्लॅबला ‘रिव्ह्यू’ आणि दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबला ‘क्रॉसओव्हर’ अशी सोय आहे; क्रॉसओव्हरला किमान ग्रेड लिहून देता येते. फोडलेलं ७ परत येताना ६ होऊ शकतं, किंवा कड कापलेली आहे म्हणून ग्रेडशिवायही. जगातलं सर्वांत गाजलेलं कार्ड, टी-२०६ या जुन्या सिगारेट-संचातलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं पीएसए ८, कडा कापलेलं होतं, हे त्याच्या विक्रेत्याने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तेव्हा स्लॅबमधला आकडा म्हणजे देवाचा शब्द नव्हे, पण स्लॅबबाहेर तेवढंही संरक्षण उरत नाही.

सुबक ७ म्हणूनच विका. सेंटरिंगचा आकडा आणि चारही कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो जाहिरातीत टाका. चांगल्या ७ ला ७.५ च्या खालच्या टोकाचा भाव मिळणं नवलाचं नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत प्लेयर्स सिगारेटची १९३४ आणि १९३८ ची क्रिकेटपटूंची कार्डं निघाली, ब्रॅडमनसकट. ग्रेड करून घेतली तर अर्ध्या ग्रेडने किती फरक पडेल?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : जवळजवळ नाहीच. ५०-५० कार्डांचे हे संच छापले गेले अफाट संख्येने आणि आजही इंग्लंडमध्ये सहज मिळतात. तिथला संग्राहक पूर्ण संच आणि त्याची एकूण अवस्था बघून पैसे देतो, स्लॅब बघून नव्हे. ग्रेड केलेल्या ब्रॅडमनला गिऱ्हाईक आहेत, पण इतके विरळ की ५.५ आणि ६ मधला फरक त्या दिवशी कोण बोली लावतोय यावर ठरतो. ब्रॅडमनचं कार्ड खरोखर टोकदार कोपऱ्यांचं, वरच्या ग्रेडचं वाटत असेल तर ते एक पाठवा, बाकी संच अखंड ठेवा.

गोव्यात एक काळजी मात्र घ्या. १९३०च्या दशकातल्या अनेक सिगारेट कार्डांच्या पाठीला अल्बममध्ये चिकटवण्यासाठी गोंद असे. पावसाळी हवेत तो ओला होतो आणि कार्डं एकमेकांना धरतात. गठ्ठा चिकटला असेल तर ओढू नका, सुरी घालू नका. प्रत्येक ओढीत पाठीचा कागद जातो. आधी कोरड्या पेटीत आठवडाभर ठेवा. त्यातही सुटली नाहीत तर कागदी दस्तऐवज दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. सुट्या कार्डांना प्रत्येकी वेगळी पॉलिप्रॉपिलीनची पिशवी हवी. दुकानात मिळणारी मऊ पीव्हीसीची नको, ती कालांतराने तेलकट होते.

प्रश्न : पीएसए ६.५ च्या स्लॅबमध्ये दोन पावसाळ्यांनंतर तपकिरी ठिपके दिसू लागले. लेबलवर ६.५ आहेच. भाव तोच राहील?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. लेबल ग्रेड दिली त्या दिवसाचं आहे, खरेदीदार आजचा फोटो बघतो. ठिपके पुढच्या बाजूला असतील तर ५ च्या भावापासून बोलणी सुरू होतील असं धरा. पाठीला, कडेला एखादा असेल तर ६ च्या आसपास. फोटोत लपवू नका. घरी आल्यावर दिसलं की माल परत येतो आणि दोन्हीकडचं टपाल तुमच्या माथी.

स्लॅब सीलबंद असला तरी हवाबंद नसतो. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते आणि कागद ती ओढून घेतो. स्लॅब झिपच्या जाड पिशवीत, त्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० वर ठेवायचा. ४० च्या खाली नेऊ नका, पातळ कार्डं स्लॅबमध्येच वाकतात. नारिंगी जेल ओलावा धरलं की हिरवं पडतं. ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. कॅमेऱ्याचं ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तमच. समुद्राकडच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि तळमजल्यावरचा लॉकर, दोन्ही टाळा. आलेले ठिपके मात्र बाहेरून जात नाहीत, आणि आतून पुसायला स्लॅब फोडावा लागतो. तेवढं करायचं मनात आणू नका.

थोडक्यात

*पीएसएचं ९.५ कुठे मिळेल? (पेडणे)* कुठेच नाही. पीएसए ८.५ वरून ९ आणि तिथून थेट १० वर जाते. एसजीसी आणि बेकेट ९.५ देतात. ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलेलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड एसजीसी ९.५ होतं. त्या भावाला वर्गमूळ लावत बसू नये.

*ग्रेड कमी आणि भाव जास्त असं होतं का? (कुडचडे)* होतं. एसजीसी ३ चं होनस वॅग्नर २०२१ मध्ये सुमारे ६६ लाख डॉलरला गेलं, एसजीसी २ चं पुढच्याच वर्षी साडेबहात्तर लाखांना. साध्या कार्डांतही १ ते ३ च्या पट्ट्यात तेच : चेहऱ्यावरून घडी गेलेल्या २.५ पेक्षा पाठीला कागद सोललेलं पण समोरून स्वच्छ असलेलं १.५ लोक आधी उचलतात.

*‘८ (ओसी)’ हे ७.५ पेक्षा वरचं का? (सांगे)* नाही. ओसी म्हणजे चित्र मधोमध नाही असा शेरा. पीएसएच्या संचनोंदणीत (संग्राहकांच्या संचांना गुण देणाऱ्या यादीत) शेऱ्याचे दोन गुण वजा होतात, म्हणजे ते ६ धरलं जातं. भावही तिथूनच सुरू करा, आणि चित्र कडेला अगदीच टेकलेलं असेल तर त्याहूनही खाली या.